मदत हवी आहे: वस्तूंवर लिहिलेल्या टिपा गायब होतात (वॉरक्राफ्ट क्लासिक)

गठ्ठा:

नमस्कार मंडळी,

सोलापूरहून लिहितोय. मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमचं क्लासिक, म्हणजे जुन्या रूपातलं, खेळतो. गेमला वरून जोडायच्या एका लहानशा अ‍ॅडऑनवर आठवडाभर डोकं फोडतोय. लुआ ही त्याची प्रोग्रॅमिंगची भाषा रीतसर शिकलेलो नाही, दुसऱ्यांचा कोड बघून बघून जमेल तेवढं लिहितो. त्यामुळे समजावताना जरा सोप्यात सांगा.

अ‍ॅडऑनचं काम एवढंच आहे: पिशवीतल्या वस्तूवर माउस नेला की जी टूलटिप (माहितीची चौकट) उघडते, तिच्या तळाशी मी लिहिलेली टीप पिवळ्या अक्षरांत दिसते. कोणाचं तरी जुनं, बंद पडलेलं अ‍ॅडऑन घेतलं आणि त्यात दोन महिन्यांपूर्वी माझ्या सोयीचे बदल केले. गेमच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून टिपा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो.

ही सवय मला घरातूनच लागली. आमचं चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दुकानात प्रत्येक गठ्ठ्याला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली असते. माल कुठल्या कारखान्याचा, नग किती, कोणासाठी बाजूला काढलाय, सगळं त्यावर. चिठ्ठी सुटलेला गठ्ठा वडील कोणाला विकू देत नाहीत, आधी वहीत शोधायला लावतात. गेममध्ये मला तेच हवं होतं. स्मॉल फ्लेम सॅक ही वस्तू दिसायला फालतू, पण फायर प्रोटेक्शन पोशनला ती लागते. सहा महिन्यांनी पिशवी आवरताना हे कोणाच्या लक्षात राहतं? आणि काही टिपा हिशोबाच्या नाहीतच. माझी अक्का लग्न होऊन पुण्याला गेली, तिथून तीही खेळते, तिच्या कॅरेक्टरला शिवणकाम येतं. तिनं शिवून पाठवलेल्या १२ खणांच्या मेजवीव्ह बॅगवर माझी टीप आहे: ‘अक्काची पहिली मेजवीव्ह. कधीच विकायची नाही.’

अशा १३७ टिपा होत्या. मागच्या मंगळवारी रात्री खेळता खेळता आमच्याकडची लाईट गेली. त्याच संध्याकाळी लेव्हल ३८ वर पोचलो होतो, खुशीत होतो. तासाभरानं लाईट आली, पीसी चालू केला तर त्या रात्री लिहिलेल्या अकरा टिपा गेलेल्या. तेवढं एक वेळ समजू शकतो, पण जुन्यासुद्धा एकही दिसेना. मग नव्यानं थोड्या लिहिल्या, त्या तीन-चार दिवस नीट दिसल्या. रविवारी त्याही गेल्या, आणि रविवारी तर लाईट गेलीच नव्हती!

नुकसानही झालं. अक्काच्या वॉरियरसाठी ठेवलेले ‘ऑफ द बेअर’ हातमोजे टीप नसल्यामुळे मी विकून टाकले. लक्षात आलं तोवर गेममधल्या दुकानदाराच्या परत-खरेदीच्या १२ खणांतून ते पुढे सरकून गेले होते.

टिपा साठवायची पद्धत साधी आहे. एक टेबल, त्यात वस्तूची पूर्ण लिंक हे नाव आणि त्यासमोर टीप. टेबलाचं नाव टीओसी फाइलमध्ये (अ‍ॅडऑनची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) सेव्हड व्हेरिएबल्स, म्हणजे गेमनं डिस्कवर जपून ठेवायचा मजकूर, म्हणून दिलेलं आहे. माझं काय चुकतंय?

शेंगाचटणी:

लाईटचा भाग मी सांगतो, माझ्याही बाबतीत हे झालंय.

तुम्ही टीप लिहिली की ती फक्त मेमरीत असते. डिस्कवरची फाइल लिहिली जाते ती लॉगआउट करताना, गेम बंद करताना किंवा रीलोडची (गेमचा पडदा नव्यानं लोड करायची) कमांड दिल्यावर. मधेच वीज गेली तर शेवटच्या रीलोडनंतरचं सगळं गेलं. त्या अकरा टिपा परत येणार नाहीत, वाईट वाटतं पण त्यांची आशा सोडा. इथून पुढं चार-पाच टिपा लिहिल्या की एक रीलोड मारायची सवय लावा. जमलं तर पीसीला यूपीएस घ्या.

आता आधी एक काम करा. गेम पूर्ण बंद करा आणि डब्ल्यूटीएफ हा गेमच्या सेटिंग्जचा फोल्डर जसाच्या तसा दुसरीकडे कॉपी करून ठेवा. त्यात अकाउंटच्या फोल्डरमध्ये सेव्हड व्हेरिएबल्स आहे, तिथे तुमच्या अ‍ॅडऑनची लुआ फाइल आणि तिच्याच नावाची बॅक फाइल, म्हणजे आधीची प्रत, मिळेल. गेम चालू असताना त्या फाइलला हात लावू नका. बाहेर पडताना गेम ती पुन्हा लिहितो, तुमचे बदल पुसले जातात.

गठ्ठा:

दादा, कॉपी केली. नोटपॅडमध्ये फाइल उघडून ‘अक्का’ शोधलं तर नऊ ठिकाणी सापडलं! मेजवीव्ह बॅगची टीपही आहे. म्हणजे टिपा फाइलमध्ये आहेत आणि गेममध्ये दिसत नाहीत. हे कसं काय?

रात्रपाळी:

दोन प्रश्न. त्याच अकाउंटवरच्या दुसऱ्या कॅरेक्टरला या टिपा कधी दिसल्या होत्या का? आणि मंगळवारी ३८ झालात, तर रविवारी ३९ झालात का?

गठ्ठा:

रविवारी दुपारी ३९ झालो, होय. दुसऱ्या कॅरेक्टरला कधीच दिसल्या नाहीत. मला वाटलं प्रत्येक कॅरेक्टरच्या टिपा वेगळ्या साठतात. पण याचा लेव्हलशी काय संबंध?

रात्रपाळी:

सगळा संबंध तिथेच आहे. लाईट त्याच रात्री गेली म्हणून तुमचं लक्ष तिकडे गेलं.

वस्तूची लिंक म्हणजे नुसतं वस्तूचं नाव नसतं. आत आकड्यांची माळ असते, कोलननं तोडलेली. पहिला वस्तूचा क्रमांक, मग एन्चांटचा (वस्तूवर चढवलेल्या जादूचा), मग रत्नांच्या चार जागा, मग सफिक्सचा (वस्तूच्या नावाला जोडलेल्या ‘ऑफ द बेअर’सारख्या शेपटाचा), मग एक युनिक क्रमांक, आणि त्याच्यापुढे लिंक बनवणाऱ्या कॅरेक्टरची लेव्हल. लिनन क्लॉथचा क्रमांक २५८९. तुम्ही ३७ ला असताना त्याची लिंक २५८९, मग ओळीनं आठ कोलन, मग ३७ अशी होती. ३८ ला शेवटचा आकडा ३८ झाला. तुमच्या डोळ्यांना कापड तेच, पण टेबलाच्या दृष्टीनं हे वेगळंच नाव आहे, आणि या नावासमोर टीप नाही. दुसऱ्या कॅरेक्टरला दिसत नव्हत्या त्याचंही कारण हेच, त्याची लेव्हल वेगळी.

तुमच्या दुकानाच्या भाषेत सांगायचं तर चिठ्ठीवर मालाचं नाव लिहायच्या ऐवजी त्या दिवशीची तारीख लिहिली गेलीय. एक सांगा, दोन महिने हे लक्षात कसं आलं नाही? तेवढे दिवस ३७ वरच होतात का?

गठ्ठा:

होय की! अक्काला वुल क्लॉथ हवं होतं, म्हणून मी खालच्या भागातले शत्रू मारत होतो. त्यांच्याकडून माझ्या लेव्हलला अनुभवाचे गुण मिळतच नाहीत, सगळे करडे, म्हणजे माझ्यापेक्षा फारच खालचे. दोन महिने ३७ वर एका जागी. आता डोक्यात सगळं जुळलं.

मग फक्त वस्तूचा क्रमांक हेच नाव ठेवू का?

कंदील:

थांबा, नुसता क्रमांक नको. ‘ऑफ द बेअर’ आणि ‘ऑफ द आउल’ हे एकाच हातमोज्यांचे दोन प्रकार असू शकतात. बेअरवर स्ट्रेंग्थ आणि स्टॅमिना, आउलवर इंटलेक्ट आणि स्पिरिट, पण दोन्हींचा वस्तू क्रमांक एकच. फरक फक्त सफिक्सच्या आकड्यात असतो. नुसता क्रमांक घेतला तर अक्कासाठीची टीप विकायच्या मालावरही दिसेल. नाव म्हणून क्रमांक आणि सफिक्स एवढे दोनच घ्या. एन्चांटचा आकडा मुद्दाम सोडा, नाहीतर एन्चांट केलेल्या दिवशी त्या वस्तूची टीप पुन्हा नाहीशी.

जुन्या टिपा हातानं हलवत बसू नका. अ‍ॅडऑन लोडेड ही (अ‍ॅडऑन आणि त्याचा साठा लोड झाल्याची) घटना येते तेव्हा जुन्या टेबलावरून एक फेरी मारा, प्रत्येक लिंकमधून ते दोन आकडे काढा आणि टीप नव्या टेबलात भरा. हे काम त्या घटनेच्या आत केलं पाहिजे. फाइलच्या वरच्या ओळींत लिहिलंत तर सेव्हड व्हेरिएबल्स तोवर आलेलेच नसतात, टेबल रिकामं दिसेल. नव्या टेबलाचं नावही टीओसीत घाला. एकाच नावावर दोन टिपा आल्या तर दोन्ही ठेवा, एकीखाली एक. जुनं टेबल महिनाभर तरी पुसू नका.

गठ्ठा:

काल रात्री दुकान बंद झाल्यावर बसलो, दीड वाजता जमलं. १३७ मधल्या १२६ टिपा परत आल्या. मंगळवारनंतर नव्यानं लिहिलेल्याही आल्या, त्यामुळे चार वस्तूंवर आता दोन-दोन टिपा दिसतात, त्या हातानं नीट करेन. दुसऱ्या कॅरेक्टरवर जाऊन बघितलं, तिथेही दिसतात. अक्काला फोटो पाठवला. तिचा फोन आला, म्हणाली हातमोजे गेले तर जाऊ दे, बॅगवरची टीप वाचून दाखव. दाखवली. मंडळी, तुम्हा तिघांचे मनापासून आभार.

एक छोटी गोष्ट राहिली. रेसिपीवर (वस्तू बनवायची कृती शिकवणाऱ्या वस्तूवर) माउस नेला की टीप दोनदा दिसते. हेही लेव्हलमुळेच का?

कंदील:

नाही, हे वेगळं आहे. रेसिपीच्या टूलटिपमध्ये त्यातून बनणाऱ्या वस्तूची माहितीही असते, म्हणून ऑन टूलटिप सेट आयटम, म्हणजे टूलटिपमध्ये वस्तू भरली की चालणारा भाग, तिथे दोनदा चालतं. टीप जोडली की एक खूण ठेवा आणि खूण असेल तर पुन्हा जोडू नका. ऑन टूलटिप क्लिअर्ड (टूलटिप रिकामी झाली की चालणारा भाग) चाललं की खूण काढा. चार ओळींचं काम आहे, अडलात तर कोड इथेच टाका.