नाटक वाचायचं कसं?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): मी कादंबऱ्यांची वेडी, 'कोसला' तर कधीही कुठूनही उघडून वाचते, पण नाटकाचं पुस्तक घेतलं की दोन पानांत लक्ष उडतं. कुणी खरंच आवडीने वाचतं का? कुठलं घेऊ?

उत्तर १: ताई, एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' घ्या. दारात बंद पडलेला ट्रॅक्टर, घरात तेरावा जवळ आलाय आणि खर्च कुणी करायचा यावर सगळे गप्प, त्या गप्प बसण्यातच सगळं नाटक आहे आणि वाचताना आपण तिथे हवं तेवढं थांबू शकतो, गडकरी रंगायतनला प्रयोग बघताना खुर्चीत बसून ते जमत नाही. मोठ्याने वाचा मात्र.

उत्तर २: सहमत. पण मला विचाराल तर वाचायला सगळ्यात भारी म्हणजे कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. १९७० चं स्वयंपाकाचं पुस्तक, सगळी मापं वाटी-चमच्यात, काटा नको की काही नको. नवीन गुळगुळीत फोटोवाली पुस्तकं मला अजिबात आवडत नाहीत, फोटो बघून मीठ किती ते कळत नाही ना!

प्रश्नकर्ती: थँक्यू, 'वाडा' उद्याच मराठी ग्रंथ संग्रहालयात बघते. 'रुचिरा' आईकडे आहे, चकलीचं पान तेलकट झालंय पार.