जुना लॅपटॉप मूळ स्थितीत आणताना अडचण

प्रश्न :
धाकट्या बहिणीच्या अभ्यासासाठी मागील आठवड्यात वापरलेला लॅपटॉप घेतला. त्यात विंडोज ११ आहे. सुरू करताच पहिल्या मालकाचे नाव आणि फोटो दिसतो. सर्व काही पुसून तो कोरा करून तिला द्यावा, म्हणून सेटिंग्जमधून 'रिसेट' करून पाहिले. परंतु रिकव्हरी एन्व्हायर्न्मेंट (विंडोज दुरुस्त किंवा रिसेट करणारी राखीव यंत्रणा) सापडत नाही, असा संदेश येऊन काम थांबते. तळाशी अर्धवट खरवडलेले बारकोडचे स्टिकर आहे. विंडोज पुन्हा विकत घ्यावी लागेल का?

उत्तर १ :
मुळीच नाही. सध्याची विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झालेली आहे का, हे आधी सेटिंग्जमध्ये पाहून घ्या. परवाना डिजिटल असेल तर तो मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे होम असल्यास होम, प्रो असल्यास प्रो अशी तीच आवृत्ती टाकून इंटरनेट जोडले की ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. रिसेट अडते आहे, कारण रिकव्हरीचे पार्टिशन, म्हणजे डिस्कवरील तिच्यासाठीचा वेगळा भाग, बहुधा आधीच कोणीतरी उडवले आहे. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. त्यातील जुन्या फाइल्स पुसल्या जातील. डेल आणि लेनोव्होवर साधारणपणे एफ १२, तर एचपीवर एफ ९ दाबून पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा. विंडोज कोठे टाकायची, असे विचारले जाईल तेव्हा त्या डिस्कवरील सर्व पार्टिशन काढून टाका आणि मोकळी जागा निवडून पुढे जा.

उत्तर २ :
वरील पद्धत योग्य आहे, परंतु मला त्या स्टिकरची काळजी वाटते. असे बारकोड बहुधा कंपन्यांच्या मालमत्तेवर असतात. कंपनीने यंत्र ऑटोपायलटमध्ये (कंपन्यांची यंत्रे आपोआप त्यांच्या खात्याशी जोडणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत) नोंदवलेले असेल, तर ती नोंद डिस्कवर नसून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. माझ्या मावसभावाने असाच लॅपटॉप दोनदा कोरा केला आणि दोन्ही वेळा इंटरनेट जोडताच कंपनीचा ईमेल व पासवर्ड मागणारा पडदा समोर आला. ती नोंद साधारणपणे त्या कंपनीचा आयटी विभागच काढू शकतो. म्हणून विक्रेत्याचा संपर्क आहे तोवर हे काम उरकून घ्या आणि बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रणालीला) पासवर्ड नाही ना, तेही तपासा.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. विक्रेत्याला विचारले असता, कंपनीने जुनी यंत्रे कर्मचाऱ्यांना विकली तेव्हाची पावती त्याने पाठवली. काल रात्री पेनड्राइव्हवरून विंडोज टाकली. देश, कीबोर्ड आणि वायफाय झाल्यावर कोणत्याही कंपनीचे नाव न येता थेट नवीन खाते उघडण्याचा पडदा आला, आणि तेथे बहिणीने स्वतःचे नाव घातले.