सॅटिन पीपीएफ लावलेली गाडी मराठवाड्यात कशी सांभाळता? अनुभव लिहा

छत्रपती संभाजीनगर (धागा सुरू करतोय)

सॅटिन पीपीएफच्या, म्हणजे रंग जपायला वरून चिकटवलेल्या मंद चमकेच्या फिल्मच्या, गाड्या आता जालना रोडवरही दिसायला लागल्यात. ती धुवायचे व्हिडिओ पाहिले तर सगळे नरम पाण्याच्या, कमी धुळीच्या गावातले. आपल्याकडं बोअरचं पाणी, काळी माती, उसाचे ट्रॅक्टर आणि मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा. म्हणून ज्यांनी एखादा उन्हाळा-पावसाळा काढलाय त्यांनीच लिहावं.

नवीन लोकांसाठी एवढंच सांगतो. ही टीपीयूची (एक लवचिक प्लास्टिक), साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म. तिचा वरचा थर मुद्दाम अतिशय बारीक खडबडीत ठेवलेला असतो, म्हणून उजेड विखुरतो आणि रंग मंद दिसतो. घासून तो गुळगुळीत झाला की तेवढाच ठिपका चमकतो, आणि ती चमक नंतर निघत नाही. त्यामुळं पॉलिश, वॅक्स, रबिंग कंपाउंड, तिन्ही बाद. शाम्पूच्या बाटलीवर ‘वॉश अँड वॅक्स’ लिहिलेलं असेल तर तोही नको.

लातूर, शिक्षिका

२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आमचं. इथं उन्हाळ्यात अंगणात पाइप सोडून गाडी धुवायला लागलं की शेजारचे नुसते बघायलेत, बोलत कुणी नाही. त्यापेक्षा बोललेले परवडले.

मी रिन्सलेस वॉशवर, म्हणजे नंतर पाणी न मारता नुसतं पुसून घ्यायच्या धुण्यावर, आले. बादलीभर पाण्यात झाकणभर औषध, मायक्रोफायबरची बरीच फडकी. एक भाग ओला करायचा, थोडं थांबायचं, फडकं एकाच दिशेनं हलकं फिरवायचं, घडी पालटायची, मळलेलं फडकं पुन्हा बादलीत घालायचं नाही. पण हे फक्त वरवरच्या धुळीला. चिखल असेल तर आधी पाणी मारावंच लागतं, तिथं काटकसर चालत नाही.

खरं सांगायचंय ते पाण्याबद्दल. घरातल्या आरओ मशीनचं सोडलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून खूप जण ते गाडीला वापरतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात बोअरपेक्षाही जास्त क्षार असतात. मशीननं गाळून बाजूला काढलेलं सगळं त्यातच येतं. त्यानं फरशी पुसा. चकचकीत गाडीवरचा पांढरा डाग पॉलिशनं काढता येतो, सॅटिनवर ती वाटच बंद. मी शेवटचा हात एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यानं फिरवते. हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. रात्रभर बादली ठेवली की पुरतं.

परळी

आमच्याकडं औष्णिक वीज केंद्राची राख. वाऱ्याची दिशा बदलली की सकाळी गाडीवर करडा थर. ही राख म्हणजे मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना, कडक कण. रोज सकाळी कोरडं फडकं मारणारा ड्रायव्हर म्हणजे या फिल्मचा खरा वैरी. फडकंच गाडीतून काढून घ्या. पाणी नसेल त्या दिवशी गाडी तशीच राखेची राहू द्या, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत.

कव्हरचंही तेच. आत राख आणि वर वारा, दिवसभर घासणी सुरू.

जालना, स्टीलचा धंदा

पांढऱ्या सॅटिनवर नारिंगी ठिपके दिसले तर ते चिखलाचे नाहीत. रोलिंग मिलच्या आसपास हवेत लोखंडाचे कण असतात, ते फिल्मवर बसून गंजतात. नखानं टोकरू नका. आयर्न रिमूव्हर मिळतो, आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा बघून घ्या. सावलीत, थंड पत्र्यावर मारायचा. जांभळा ओघळ आला की तो वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुवायचा. क्ले बार (रंगावरचा चिकटलेला मळ ओढून काढायची मऊ वडी) मात्र सॅटिनवर नको, त्यानंही चमक येते.

वसमत

जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या हळदीचं आमचं गाव, त्यामुळं दसऱ्याला बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढायचं नाही असं आजीला सांगायची कुणाची छाती नाही. मी पूजा समोरच्या काचेवर करून घेतली. आजी आधी रुसली, मग म्हणाली, देवाला काच काय न पत्रा काय.

तरी धाकट्यानं बॉनेटला बोटं लावलीच. हळदीचं फारसं मनावर घेऊ नका. शाम्पूनं धुतल्यावर जो पिवळेपणा उरतो तो उन्हानं फिका पडतो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, साडीवरचा डाग उन्हात जातो तसाच. बाजारातल्या कृत्रिम रंगाच्या कुंकवाची गोष्ट वेगळी, ते ओलं झालं की खडबडीत थरात मुरतं. तेलातला शेंदूर तर लावूच देऊ नका. नारळही टायरपासून लांब फोडा, पाणी गोड असतं, त्यावर धूळ चिकटून बसते.

नांदेड, टुरिस्ट गाडीचा ड्रायव्हर

मालकाची गाडी आहे, मी चालवतो. जालन्यातून समृद्धीला लागलो की रात्री किडे लई. १२० नं चाललं की बंपर न आरसे भरून जातेत. पंपावरची पोरं काच पुसायचा स्पंज घेऊन बंपरकडं वळतेत, त्यांना आधीच नको म्हणायचं. मी जुना टॉवेल चांगला भिजवून बंपरवर टाकतो, चहा पिऊन येईपर्यंत किडे मऊ पडतेत, मग पाण्यानंच निघतेत. सकाळवर ढकलायचं नाही. ऊन लागलं की मेलेले किडे चिकटून बसतेत, डाग धरतेत.

तुळजापूर रोड, शेतकरी

काळी माती ओली असताना चिकट आणि वाळली की सिमेंट. शेतातून आलो की प्रेशर गन हातात घ्यायच्या आधी साध्या पाइपनं खालून वर भिजवतो आणि सोडून देतो. माती फुगली की आपोआप सुटते. गन फुटभर तरी लांब, आणि फिल्मच्या कडेवर सरळ धार कधीच नाही. दाराच्या कडेला, चाकाच्या कमानीला कड उचलली की तिथं माती शिरते, मग ती काळी रेघ धुण्यानं जात नाही.

वॉशिंग सेंटरवाले खालच्या अंगाला चमक यावी म्हणून डिझेल मारतात. उभं राहून नाही म्हणा. सॅटिनवर तेलकट पट्टे ओढले जातात.

परभणी

पक्ष्यांची विष्ठा : ओलं फडकं ठेवा, मऊ होऊ द्या, उचला. घासू नका. बास.

छत्रपती संभाजीनगर, फिल्म बसवण्याचं काम करतो

दोन गोष्टींची भर घालतो. फिल्म बसवल्यावर आठवडाभर धुवू नका, आतलं पाणी आणि चिकट थर बसायला वेळ लागतो. आणि बारीक ओरखडे दिसले की लोक घाबरून पॉलिशवाल्याकडं पळतात. वरचा थर उष्णतेनं स्वतः भरून येतो, आपलं ऊन त्याला पुरेसं आहे. घाई असेल तर कोमट पाणी ओता. पण तापलेल्या बॉनेटवर धुवायला घेऊ नका, शाम्पू जागीच वाळतो.

बीड

माझी गाडी खिडकीखाली, वर कूलर. तुषार उडून उडून टपावर पांढरे गोल डाग पडलेत. काही उपाय?

छत्रपती संभाजीनगर (धागा सुरू करणारा)

आधी गाडी हलवा. मग पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर सारखं घ्या, फडकं भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, लगेच धुवा. आधी कोपऱ्यात करून बघा. जुना डाग मुरलेला असेल तर फिल्मवाल्याला विचारा, नुसत्या टपाची फिल्म बदलून मिळते.