मदत हवी आहे: प्रसूती रजेनंतर रेटिंग खाली आणलं, हा भेदभाव आहे हे दाखवायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी नागपूरची, मिहानमधल्या एका खाजगी आयटी कंपनीत आहे. रजेवरून परत आले तर माझं प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेलेलं, ते एकवेळ समजू शकते, पण आता अप्रेझलमध्ये रेटिंगही खाली आणलं आणि कारण विचारलं तर मॅनेजर म्हणतात वर्षभरात तुमचं काम कमी दिसून राहिलं. अहो, कायद्याने दिलेल्या 26 आठवड्यांच्या रजेवर होते, तर जेवढे महिने काम केलं तेवढेच मोजा ना! एचआरला भेटले तर त्यांनी अंतर्गत समितीकडे जा म्हटलं, पण ती लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी असते, माझी तक्रार ती नाहीच.

माझी मोठी ताई सिव्हिल लाइन्सला राज्य सरकारच्या ऑफिसात आहे. तिचं म्हणणं की खरा भेदभाव सरकारीत, कोण कोणत्या कॅटेगरीतून लागलं हे सगळ्यांना पाठ, त्यावरून टोमणे, चांगलं टेबल कोणाला द्यायचं तेही त्यावरनंच, आणि बिंदुनामावलीच्या (आरक्षणानुसार कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला, ती यादी) वादात प्रमोशन अडकलेलं. तिने काय सोसलं ते मी घरी पाहिलंय त्यामुळे हे खोटं म्हणणार नाही. पण तिच्याकडे भांडायला कागद तरी आहे. गोपनीय अहवालातला शेरा चांगला असो की वाईट, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने 2008 ला देव दत्त प्रकरणात सांगितलंय, ज्येष्ठता यादी लागली की हरकत घेता येते, आणि नाहीच जमलं तर मॅटचं, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं, खंडपीठ इथेच नागपुरात आहे. संविधानाचं कलम 16 सरकारी नोकरीला लागू, माझ्या नोकरीला नाही. आमच्याकडे सगळं मीटिंग रूममध्ये तोंडी होते.

आणि ताईला वाटते तसं खाजगीत जातीवरून भेदभाव नसतो असंही नाही. टीममधल्या एका मुलाने इंदोऱ्याला (नागपुरातला दलित वस्तीचा भाग) राहतो म्हणून सांगितलं तेव्हापासून काही जणांचं त्याच्याशी बोलणंच बदललं. तो कुठे आणि काय लिहून देणार सांगा?

तर माझा प्रश्न. प्रसूती रजेच्या काळात कामाच्या अटी बाईच्या तोट्याच्या करता येत नाहीत हे मला माहीत आहे, पण परत आल्यावर दिलेलं रेटिंग त्यात बसते का? नागपुरात कोणी कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अशी तक्रार दिली आहे का, तिथे आयटीवाल्यांचं ऐकून घेतात का? कृपा करून नोकरी बदल असं सांगू नका, बाळ लहान आहे, घराचे हप्ते चालू आहेत आणि मला हे काम आवडते. अप्रेझलवर सही याच आठवड्यात करायची आहे, तर "मान्य नाही" असं लिहून सही करू, की आधी ईमेलवर कारण लेखी मागू?