जाहीरनामा हे वचन होते की हुकूम? साताऱ्याच्या १८१८ च्या जाहीरनाम्यापासून प्लेगच्या नोटिशीपर्यंत

दप्तरखाना :

फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि ११ फेब्रुवारीला ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने आपला जाहीरनामा काढला. बाजीराव पेशव्याचे राज्य संपले, त्याचा मुलूख कंपनी सरकारकडे जाईल आणि छत्रपतींसाठी त्यातून एक लहानसे राज्य राखून ठेवले जाईल, असे त्यात सांगितले होते. त्याचबरोबर वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानांच्या नेमणुका चालू राहतील, सर्व पंथांना मोकळीक असेल, वसुलाचे मक्ते बंद होतील आणि वसूल माफक असेल, अशी हमी रयतेला दिली होती.

अशा कागदांकडे आपण ‘गोऱ्यांची मखलाशी’ म्हणून पाहतो आणि पुढे जातो, याला माझा आक्षेप आहे. सरकारने छापून, वाचून दाखवून आणि गावोगाव पाठवून जे सांगितले ते सरकारलाही बांधून ठेवत होते, किंबहुना ते तसे बांधले गेले आहे असे मानून वागणे हीच आपल्या पूर्वजांची राजकारणातली पहिली शहाणी चाल होती. व्हिक्टोरिया राणीचा १८५८ चा जाहीरनामा घ्या. १ नोव्हेंबरला अलाहाबादेस लॉर्ड कॅनिंगने तो वाचला आणि देशी भाषांतून त्याची भाषांतरे फिरली. वंश किंवा धर्म न पाहता सर्व प्रजाजनांना सरकारी नोकरीत प्रवेश मिळेल, या त्यातल्या एका कलमावर दादाभाई नौरोजींसारख्यांनी पुढची कित्येक वर्षे आपला सारा युक्तिवाद उभा केला. सनदी (म्हणजे वरिष्ठ सरकारी नोकरीची, आय.सी.एस.) परीक्षा फक्त लंडनमध्येच का, उमेदवारांची वयोमर्यादा २१ वरून १९ वर का आणली, हे प्रश्न विचारताना त्यांच्या हातात सरकारचाच कागद होता.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा १८९६ च्या दुष्काळाचा आहे. टिळकांच्या प्रभावाखालच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळाचे सरकारी नियम मराठीत छापले आणि ते खेड्यापाड्यांत वाटले. पीक बुडाले असेल तर सूट-तहकुबी, म्हणजे साऱ्याची माफी किंवा वसुलाला मुदतवाढ, मागणे हा तुमचा हक्क आहे, हे शेतकऱ्याला सरकारच्याच नियमांच्या आधारे सांगितले गेले. सभेने त्यात आपले काही घातले नव्हते. तरीही १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. आपलाच कागद रयतेने वाचला, याचे सरकारला भय वाटले. ज्या कागदाचे राज्यकर्त्याला भय वाटते त्याला नुसती मखलाशी कसे म्हणावे?

कृष्णाकाठ :

हा धागा काढणाऱ्या दप्तरखाना यांची कळकळ मला मान्य आहे, पण त्यांनी साताऱ्याच्या जाहीरनाम्याचा निम्माच भाग आपल्यासमोर ठेवला आहे. उरलेला भाग असा आहे की वतनदारांनी आणि जमीनधारकांनी बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांच्या आत आपापल्या गावी परतावे, जे परतणार नाहीत त्यांच्या जमिनी जप्त होतील, आणि बाजीरावाच्या माणसांना कोणी वसूल दिला तर तो हिशेबात धरला जाणार नाही. तारीखही लक्षात घ्यावी. बाजीराव तेव्हा फौजेसह फिरत होता, त्याचे सेनापती बापू गोखले अजून जिवंत होते, आष्टीची लढाई आठवड्याभराच्या अंतरावर होती आणि बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला तो जूनमध्ये. म्हणजे हा कागद लढाईचे हत्यार होता. बाजीरावाच्या घोडदळातला प्रत्येक वतनदार घरच्या जमिनीच्या धाकाने त्याच्यापासून तोडावा, हा त्याचा उद्देश होता आणि तो बऱ्याच अंशी साधला. अशा कागदातल्या हमीला वचन म्हणायचे असेल तर वेढ्यात अडकलेल्या माणसाला दिलेल्या प्रत्येक आश्वासनाला वचन म्हणावे लागेल.

त्या हमीचे पुढे काय झाले तेही पाहावे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिणेतल्या इनामदारांना आपल्या सनदा, पत्रे, ताकीदपत्रे घेऊन अधिकाऱ्यांपुढे उभे राहावे लागले. तीन-चार पिढ्यांचे कागद पावसाने, वाळवीने आणि लुटालुटीने गेले होते. ज्यांना पुरावा देता आला नाही त्यांची इनामे खालसा झाली. ‘इनामे चालू राहतील’ या एका ओळीवर विसंबून १८१८ मध्ये ज्यांच्या आजोबांनी तलवार खाली ठेवली, त्यांच्या नातवांना सांगण्यात आले की ती ओळ पुरेशी नाही, मूळ सनद दाखवा. साताऱ्याचे राज्यही १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा झाले.

आता शब्दांकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. साताऱ्याच्या जाहीरनाम्यात लोकांच्या रीतिरिवाजांची हमी ‘न्याय्य आणि वाजवी असेल तेथवर’ दिली आहे. चाळीस वर्षांनंतर राणीच्या जाहीरनाम्यात नोकऱ्यांचे आश्वासन आहे तेही ‘शक्य असेल तितपत’. वाजवी काय आणि शक्य किती, हे ठरवणारा कोण, याचे उत्तर दोन्ही कागदांत नाही, आणि ते नसणे हा योगायोग नव्हे.

दप्तरखाना :

दोन महिन्यांची मुदत आणि जप्तीची धमकी मी वगळायला नको होती, हे मान्य करतो. परंतु ‘शक्य असेल तितपत’ या शब्दांमुळे कलम निरुपयोगी ठरले, हे पटत नाही. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये सनदी परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांची जवळजवळ सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. ज्या गावी एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला त्याच गावच्या न्यायासनावर एक हिंदी माणूस बसला. वाट अरुंद होती, पण ती राणीच्या कागदानेच उघडी ठेवली होती. आणि इनामांविषयी म्हणाल तर १८६३ च्या कायद्यांनी सरकारने माघार घेतली, ठरावीक रक्कम भरणाऱ्या इनामदाराला कायमची सनद दिली.

रानवाट :

वरची सारी चर्चा इनामदार, वकील आणि सनदी उमेदवार यांच्याभोवती फिरते आहे. ज्यांना कागद वाचताच येत नव्हता त्यांच्याविषयी कोणी बोलले नाही, म्हणून हा प्रतिसाद.

१८७८ च्या जंगल कायद्यात एखादा प्रदेश राखीव करायचा झाल्यास आधी सरकारी गॅझेटात अधिसूचना काढावी, मग फॉरेस्ट सेटलमेंट अधिकाऱ्याने (जंगलावरचे हक्क तपासून ठरवणाऱ्याने) आसपासच्या प्रत्येक गावात तिथल्या भाषेत जाहीरनामा लावावा आणि हक्क सांगण्यासाठी निदान तीन महिन्यांची मुदत द्यावी, अशी तरतूद होती. कागदावर याहून सभ्य पद्धत क्वचितच सापडेल. पण मुदतीत जो हक्क सांगितला गेला नाही तो संपला, असाही त्याच कायद्याचा आशय होता. आता ठाण्याच्या डोंगरपट्ट्यातल्या वारली किंवा काथोडी कुटुंबाची कल्पना करावी. राब (शेत भाजण्यासाठी तोडलेला पाला-फांद्या), मध, डिंक, जळण, गुरांची चराई हे त्यांचे हक्क कोणत्याही कागदावर नव्हते. ते तिथे राहत होते, एवढाच त्यांचा पुरावा होता. चावडीवर लागलेला मराठी कागद त्यांच्या भाषेतला नव्हता आणि चावडी त्यांच्या वाटेवर नव्हती. तीन महिने निघून गेले की त्यांचे जगणे गुन्हा ठरत असे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतला असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमावे लागले. या जाहीरनाम्याचा उपयोग लोकांना कळवण्यासाठी झाला नाही. लोकांना कळवले होते, हे पुढे सरकारला म्हणता यावे यासाठी तो झाला.

बालबोध :

एक लहानसा मुद्दा. जाहीरनामा गावात पोचला तो बहुधा दवंडीने, आणि दवंडीत काय टिकते याचा विचार करावा. ‘सरकारची अशी इच्छा आहे की’ पासून सुरू होणारे लांबलचक वाक्य ढोलाबरोबर कोण म्हणेल? टिकते ती तारीख, रक्कम आणि शिक्षा. त्यामुळे ज्या सौम्य हम्या आपण आज दप्तरात वाचतो, त्या ऐकणाऱ्याच्या कानावर कधी पडल्याच नसतील, ही शक्यता धागालेखकांनी गृहीत धरायला हवी.

गिरणगाव :

मुंबईतले उदाहरण देतो, कारण तिथे कागद लोकांपर्यंत पोचला होता आणि तरीही हानीच झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी नोटीस काढली की प्लेगच्या प्रत्येक रुग्णाला वेगळे काढले जाईल आणि गरज पडल्यास सक्तीने इस्पितळात हलवले जाईल. इस्पितळ म्हणजे जिथून माणूस परत येत नाही ती जागा, अशी त्या काळच्या चाळीतली समजूत होती. लोकांनी रुग्ण लपवले, लोक शहर सोडून पळाले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी नोटीस बदलली गेली.

धागालेखक कदाचित म्हणतील की पाहा, कागद बदलला. पण बदल काय झाला? घरी रुग्णाला नीट वेगळे ठेवता येत असेल तर त्याला हलवणार नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे राहतात, त्या घरात वेगळे ठेवणार कुठे? दगड मारले गिरणी कामगारांनी आणि सवलत मिळाली ती ज्यांच्याकडे जास्तीची खोली होती त्यांना. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा आला. हुकूम मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा आणि सद्हेतूने वागलेल्या अधिकाऱ्यावर दावा नाही, असा तो कायदा होता. ‘सद्हेतू’ हा शब्दही कृष्णाकाठ यांच्या ‘वाजवी’ आणि ‘शक्य’ यांच्या रांगेत बसवावा.

दप्तरखाना :

गिरणगाव आणि रानवाट यांचे म्हणणे वाचून मी माझे विधान आखडते घेतो. जंगलाच्या आणि प्लेगच्या कागदांना वचन म्हणता येणार नाही, तो हुकूमच होता. पण दुष्काळाच्या नियमांबाबत मी हटत नाही. तिथे शेतकऱ्याला कागद वाचून दाखवणारा कोणीतरी होता, आणि वारल्याला तसा कोणी नव्हता. फरक कागदात नव्हता, वाचून दाखवणाऱ्यात होता. दवंडीत जे गळत होते तेच सभेच्या पत्रकाने शेतकऱ्याच्या हातात दिले. इनामांबाबतही माझे मत कायम आहे, १८६३ ची सनद हे त्या पहिल्या हमीचेच फळ आहे.

कृष्णाकाठ :

वाचून दाखवणाऱ्याचा मुद्दा मी विनाअट स्वीकारतो. इनामांचा मात्र नाही. १८१८ मध्ये इनाम चालू राहील असे सांगितले तेव्हा त्यासाठी काही भरावे लागेल असा शब्द त्या कागदात नव्हता. पंचेचाळीस वर्षांनी तीच हमी इनामदाराने दरसाल पैसे भरून विकत घेतली.