ॲप घेतल्याशिवाय पान पूर्ण दिसणारच नाही का?

साखरपेठकर: "संकेतस्थळांनी ॲपकडे वळवले तर बिघडले कुठे? कुरकुरणाऱ्यांनी चांगला मोबाइल घ्यावा," हे कालचे विधान वाचून गप्प बसवेना. परवा बसस्थानकाबाहेर उभा राहून मी आईचे पुण्याचे तिकीट रद्द करत होतो. निम्म्या पडद्यावर 'ॲपमध्ये उघडा' हे बटण होते, त्याखाली मुंगीएवढ्या फिकट अक्षरांत 'येथेच थांबतो' असे लिहिले होते आणि तिकीट रद्द करण्याची सोय मात्र गायब होती. ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' निवडताच तीच सोय त्याच मोबाइलवर हजर झाली. म्हणजे जमत नव्हते असे नाही, जमू द्यायचे नव्हते.

जुळेसोलापूर: विधान माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. माझे चादरी-टॉवेलचे दुकान आहे. ब्राउझरमधून आलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकेल याची शाश्वती नसते. ज्याने ॲप घेतले आहे, त्याला गड्ड्याच्या जत्रेआधी सवलत कळवता येते.

सातरस्ता: सूचना क्रोमही २०१५ पासून पोहोचवतो. त्याच वर्षी मिंत्राने संकेतस्थळ बंद करून केवळ ॲपवर दुकान चालवून पाहिले आणि पुढच्या वर्षी संकेतस्थळ पुन्हा उघडले. फ्लिपकार्टने तर बंद केलेले मोबाइल संकेतस्थळ वर्ष सरण्याआधीच 'फ्लिपकार्ट लाइट' म्हणून परत आणले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनाही हे झेपले नाही. माझ्या वडिलांच्या मोबाइलमध्ये तर आता एकही ॲप मावत नाही.

जुळेसोलापूर: मावेल कसे? आधी ती 'सुप्रभात'ची फुले आणि समया पुसा. ज्येष्ठांनी मोबाइलचा उकिरडा करायचा आणि दोष दुकानदाराला द्यायचा!

साखरपेठकर: वडीलधाऱ्यांवर घसरण्याचे कारण नव्हते. माझ्या वडिलांचे गिरणीतले सोबती त्याच चित्रांतून रोज आपली खुशाली कळवतात. एखाद्याचे चित्र सकाळी आले नाही, तर वडील दुपारी रिक्षा करून त्याच्या घरी जातात. तुमच्या सवलतीसाठी ते पुसायचे का?

सातरस्ता: चित्रे आपोआप उतरवून घेणे बंद करता येते, एवढेच सुचवतो.

साखरपेठकर: ते मी केले होते. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जुळेसोलापूर: चित्रांबाबतचे शब्द मागे घेतो, ॲपबाबतचे नाही. मात्र आज स्वतःच्या दुकानाचे पान मोबाइलवर उघडले, तेव्हा 'ॲप घ्या'च्या पट्टीवरील फुली माझ्याही अंगठ्याला तीनदा चुकली, हे कबूल करतो. ती मोठी करायला सांगितले आहे.

साखरपेठकर: उपकार झाले. काम झाले की येथेच कळवा. त्यासाठी ॲप घ्यायला लावू नका.