सभासद यादी: गावापुढे काउंटी लिहावी, ही विनंती

प्रेषक: सभासद यादी समिती

सप्रेम नमस्कार मंडळी,

यंदाची यादी छपाईला जाण्याआधी एक विनंती. पत्त्यात नुसतं "मन्रो" किंवा "वॉशिंग्टन टाऊनशिप" (टाऊनशिप म्हणजे स्वतःचा कारभार असलेलं इथलं गाव) लिहून थांबू नका, पुढे काउंटीही, म्हणजे इथला जिल्हा, लिहा. आपल्या यादीत न्यू जर्सीतल्या मन्रोची दोन घरं आहेत, एक मिडलसेक्स काउंटीतलं आणि एक ग्लॉस्टर काउंटीतलं. दोन्हींच्या मध्ये गाडीने तासाभराहून जास्त अंतर आहे. गणपतीत घरोघरी आरतीला जायचं ठरतं तेव्हा हा घोळ परवडत नाही. फ्रँकलिन टाऊनशिप तर न्यू जर्सीत चार आहेत: सॉमरसेट, हंटरडन, वॉरन आणि ग्लॉस्टर. वॉशिंग्टन टाऊनशिप आजही पाच. गावी आपण मु. पो., तालुका, जिल्हा लिहिल्याशिवाय पत्र टाकत नव्हतो. इथेही तेच करू या.

---

प्रेषक: नवीन सभासद, फ्रँकलिन टाऊनशिप

नमस्कार. आम्ही नुकतेच पुण्याहून इकडे आलो. एक शंका विचारते, फारच बाळबोध वाटली तर सांभाळून घ्या. घराच्या करारावर फ्रँकलिन टाऊनशिप लिहिलंय, पण पत्रं येतात ती सॉमरसेटच्या नावाने, आणि सॉमरसेट ही काउंटीही आहे! मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर नेमकं काय लिहायचं? आणि एकाच राज्यात चार-चार गावांना एकच नाव सरकारने दिलंच कसं?

---

प्रेषक: ओल्ड ब्रिजचे काका

बाळ, शंका अगदी रास्त आहे. फॉर्मवर गाव विचारलं असेल तर फ्रँकलिन टाऊनशिप लिही, पत्ता विचारला असेल तर सॉमरसेट आणि पुढे झिप, म्हणजे इथला पिनकोड. कर, पोलीस, शाळा हे सगळं टाऊनशिपचं. सॉमरसेट हे तुमच्याकडे पोस्टाचं नाव.

ही नावं वरून कोणी वाटलेली नाहीत. प्रत्येक काउंटीत जुन्या टाऊनशिपचे तुकडे पडत गेले आणि त्या-त्या ठिकाणच्या लोकांनी आपल्या मनाजोगं नाव घेतलं. त्या काळात मनाजोगं म्हणजे बहुतेकदा राष्ट्राध्यक्षांचं: वॉशिंग्टन, मन्रो, मॅडिसन. मॉरिस काउंटीने वॉशिंग्टन घेतलं १७९८ मध्ये, बर्गेनने १८४० मध्ये, मर्सरने १८५९ मध्ये. घोड्यावरून फिरणाऱ्या माणसाला चार काउंट्या पलीकडे आपल्याच नावाचं गाव असलं तरी काही अडत नव्हतं.

अडलं ते टपालखात्याचं. एका राज्यात एकाच नावाची दोन पोस्ट ऑफिसं नकोत, असा त्यांचा नियम. म्हणून ज्याच्याकडे त्या नावाचं पोस्ट आधी, त्याचं नाव टिकलं आणि बाकीच्यांची पत्रं वस्तीच्या नावाने जायला लागली. "वॉशिंग्टन" हे पोस्ट वॉरन काउंटीतल्या बरोकडे (बरो म्हणजे टाऊनशिपसारखंच स्वतःचा कारभार असलेलं, सहसा छोटं गाव) आहे, म्हणून मॉरिसमधल्या वॉशिंग्टनची पत्रं लाँग व्हॅलीच्या नावाने जातात आणि ग्लॉस्टरमधल्या बऱ्याच घरांची सुएलच्या. "फ्रँकलिन" हे पोस्ट ससेक्स काउंटीतल्या एका छोट्या बरोचं आहे, म्हणून तुम्ही सॉमरसेट. ग्लॉस्टरमधलं मन्रो टपालात विल्यम्सटाऊन आहे आणि अटलांटिक काउंटीतलं हॅमिल्टन आहे मेज लँडिंग. झिप कोड आले १९६३ मध्ये, म्हणजे ही सगळी व्यवस्था त्याच्या कितीतरी आधीची.

काही गावांनी मात्र सरळ मतदान घेऊन नाव बदललं. हा भाग मला फार जवळचा वाटतो, कारण आपली निम्मी मंडळी याच गावांत राहतात आणि मुलांना यातलं काही ठाऊक नसतं. आपलं एडिसन १९५४ पर्यंत रॅरिटन टाऊनशिप होतं. त्याच वेळी मॉनमथ काउंटीत दुसरं रॅरिटन टाऊनशिप होतं, ते १९६७ मध्ये हॅझलेट झालं. तिसरं हंटरडन काउंटीत, फ्लेमिंग्टनला वेढा घालून आहे, ते आजही रॅरिटनच. शिवाय सॉमरसेटमध्ये रॅरिटन बरो आहे ते वेगळंच. एडिसनने बदल केला तो योग्य माणसाच्या नावावर, संशोधक थॉमस एडिसनच्या. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती, १८७७ चा फोनोग्राफ इथलाच. पण आता कोणी नुसतं मेन्लो पार्क म्हटलं की तरुण मंडळी कॅलिफोर्नियातलं धरून चालतात!

माझं ओल्ड ब्रिज १९७५ पर्यंत मॅडिसन टाऊनशिप होतं. मॉरिस काउंटीत मॅडिसन बरो आहे, त्याच्याशी गल्लत होत होती. मॉरिसमधल्या पॅसेइक टाऊनशिपने १९९२ मध्ये लाँग हिल हे नाव घेतलं, कारण पॅसेइक शहर वेगळं आणि चांगलं दूर. समुद्राकडच्या डोव्हर टाऊनशिपचं २००६ मध्ये टॉम्स रिव्हर झालं. यादीत काउंटी येते आहे त्याचा मला मनापासून आनंद आहे. कंसात जुनं नावही छापता आलं तर फार बरं होईल.

---

प्रेषक: वॉशिंग्टन, वॉरन काउंटी

काका, सुंदर लिहिलंत. यात आमच्यासारख्यांची भर घालते. आमच्याकडे एकाच काउंटीत वॉशिंग्टन बरोही आहे आणि वॉशिंग्टन टाऊनशिपही. मध्ये बरो, भोवताली टाऊनशिप. आमचं घर टाऊनशिपमध्ये, पत्ता मात्र दोघांचाही "वॉशिंग्टन". चेस्टर, मेंडम इथेही अशाच जोड्या आहेत. प्रिन्स्टनची जोडी होती, ते दोघे मात्र १ जानेवारी २०१३ ला एक झाले.

मला सांगायचं आहे ते वेगळं. गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना घरी चक्कर आली. मी ९११ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन लावला तर पलीकडच्या बाईंनी पत्ता ऐकून लगेच विचारलं, बरो की टाऊनशिप? मग, जवळचा चौक कुठला? मला सांगता आलं म्हणून गाडी वेळेत पोचली, सासूबाई आता छान आहेत. पण त्या वेळी त्या घरात एकट्या असत्या तर? त्यांना "वॉशिंग्टन" एवढंच ठाऊक होतं. उन्हाळ्यात आपल्यापैकी कितीजणांचे आईवडील येतात आणि दिवसभर घरी एकटे असतात! कळकळीने सांगते, फ्रिजवर मोठ्या अक्षरांत कागद लावा: घर नंबर, रस्ता, बरो की टाऊनशिप, काउंटी, झिप, जवळचा चौक. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत. आणि त्यांच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. आमच्या सासूबाई आता धडाधड म्हणतात, "वॉशिंग्टन टाऊनशिप, वॉरन काउंटी."

---

प्रेषक: बक्स काउंटी, पेनसिल्व्हेनिया

डेलावेअर नदीपलीकडचे आम्हीही यात आहोत बरं का. न्यूटाऊन टाऊनशिप आमच्या बक्स काउंटीत आहे आणि डेलावेअर काउंटीतही. आमच्या पोस्टाचं नाव न्यूटाऊन, त्यांचं न्यूटाऊन स्क्वेअर. काकांनी सांगितलेला टपालाचा नियम इथेही तंतोतंत लागू. मिडलटाऊन टाऊनशिपही या दोन्ही काउंट्यांत, आणि स्प्रिंगफील्ड तर बक्स, माँटगोमेरी आणि डेलावेअर अशा तिन्हींत! यादीत आमच्यापुढे राज्यही छापा, कारण मिडलटाऊन तुमच्या मॉनमथमध्येसुद्धा आहे.

---

प्रेषक: रॉबिन्सव्हिल

काका, आमचं गाव राहिलं! मर्सरमधलं १८५९ चं ते वॉशिंग्टन टाऊनशिप म्हणजे आम्हीच. नोव्हेंबर २००७ मध्ये मतदान झालं आणि १ जानेवारी २००८ पासून रॉबिन्सव्हिल. तोवर राज्यात सहा वॉशिंग्टन टाऊनशिप होती. २०२३ मध्ये आमच्या गावात अक्षरधाम मंदिर खुलं झाल्यापासून देशभरातून माणसं येतात. पत्ता वॉशिंग्टन टाऊनशिप असता तर त्यातली किती बर्गेनला जाऊन पोचली असती, असं राहून राहून मनात येतं. नाव बदललं ते उत्तमच झालं. माझ्या मते बाकीच्या पाचांनीही विचार करावा.

---

प्रेषक: वॉशिंग्टन, वॉरन काउंटी

विचार अवश्य करावा, पण माझं मत विरुद्ध जाईल. बर्लिंग्टन काउंटीतलं वॉशिंग्टन टाऊनशिप पाईनच्या जंगलात आहे, हजारही वस्ती नाही. दोनशेहून जास्त वर्षं त्यांनी ते नाव सांभाळलंय. आपल्याला पत्ता शोधायला सोपं जावं म्हणून त्यांनी ते का सोडावं? काउंटी लिहायला आपल्याला दोन सेकंद लागतात.

---

प्रेषक: सभासद यादी समिती

सर्वांचे आभार. फॉर्ममध्ये आता चार रकाने आहेत: टपालाचं गाव, टाऊनशिप किंवा बरो, काउंटी, राज्य. काकांची सूचना मान्य, जिथे नाव बदललंय तिथे जुनं नाव आणि साल कंसात येईल. काका, मजकूर तुम्हीच तपासून द्या. फ्रिजवरच्या कागदाचा नमुना वॉरनच्या ताई मराठी-इंग्रजीत करून देणार आहेत. तो यादीच्या शेवटच्या पानावर छापू, कापून लावता येईल असा. ज्यांचे आईवडील या महिन्यातच येत आहेत त्यांनी यादीची वाट न बघता समितीला मेल करावी, नमुना लगेच पाठवू.